गुडघा पत्ता विसरतो तेव्हा

लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, टाके निघाले, सूज उतरली. मग आता मैदानावर जायला काय हरकत आहे? हरकत आहे, बॉस! तुटलेली दोरी सर्जन बांधून देतात, पण तिच्यासोबत गेलेली एक जाणीव आपली आपल्यालाच कमवावी लागते. धर्माबादच्या अंगणातल्या आणि पुण्याच्या बॅडमिंटन कोर्टावरच्या दोन गुडघ्यांची ही गोष्ट.

दिवाळीची सुट्टी. धर्माबादला मामाच्या अंगणात माझा मामेभाऊ एका पायावर उभा आहे आणि मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पायरीवर बसलेय. डावा पाय, डोळे उघडे. एक मिनिट झालं तरी पठ्ठ्या हलायला तयार नाही. डावा पाय, डोळे मिटून. 22 सेकंद. सही! मग उजवा. डोळे उघडे होते तोवर तोही मस्त टिकला.

‘आता मीट डोळे,’ मी म्हटलं.

एक, दोन, तीन, चार... आणि ज्याच्या चढाईला तालुक्यातले भलेभले कोपरारक्षक बिचकतात, तो आमचा हीरो तुळशी वृंदावनाला धरून उभा!

‘ताई, हे कामून होऊ लालंय? पाय तर जराबी दुखंना.’

दुखत नव्हता, तीच तर भानगड होती. पाच महिन्यांपूर्वी कबड्डी खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि ऑपरेशन झालं. आता जखम भरलेली, सूज उतरलेली. रोज सकाळी बासरच्या रस्त्यानं त्याचं पळणं सुरू. संक्रांतीच्या स्पर्धेसाठी संघाची जी यादी निघाली, त्यात पहिलं नाव त्याचंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय? एक स्पर्धा सोडायची. पण हा हिशोब पुण्या-मुंबईचा झाला. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र वरच्या पातळीवर खेळून मिळतं आणि वरच्या संघात जायचं तर निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खेळावं लागतं. शिवाय पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर धावायचं असतंच. विशीतल्या या पोराच्या उजव्या गुडघ्यावर कप आणि ट्रॉफीपेक्षा बरंच काही उभं होतं. आणि तोच गुडघा डोळे मिटले की चार सेकंदांत पत्ता विसरत होता.

मला हे सगळं कसं माहीत?

मी काही डॉक्टर नाही. मास कॉम केलं, पुण्यात फ्रीलान्सिंग करते, आणि बॅडमिंटन खेळते. म्हणजे खेळायचे. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी नेटजवळचं शटल घ्यायला वळले, पाय जमिनीवर, अंग मात्र पुढे, आणि गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज आला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. पुढचं तुमच्यापैकी टर्फवर फुटबॉल खेळणाऱ्या अनेकांना तोंडपाठ असेल. सूज, एमआरआय, आणि रिपोर्टवर ‘एसीएल टेअर’.

ऑपरेशननंतर दोन महिने मी आदर्श पेशंट होते. मग डेडलाइन आल्या, फिजिओथेरपीच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि ‘चालता येतंय ना, झालं तर’ म्हणून विषय संपवला. मग एका रात्री सोसायटीची वीज गेली. रोजचाच जिना, रोजच्याच पायऱ्या. पण अंधारात माझ्या डाव्या पायाला पायरी किती खोल आहे हेच उमगेना. धाडकन बसले! दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं फिजिओ मॅडमकडे. त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली, माझा पाय एका कोनात नेऊन थांबवला, परत खाली सोडला आणि म्हणाल्या, आता तुम्ही स्वतः तिथेच न्या. उजवा पाय जवळपास बरोबर गेला. डावा भलतीकडेच थांबला, आणि मला वाटत होतं की अगदी करेक्ट!

त्या दिवशी एक नवा शब्द कळला. जॉइंट पोझिशन सेन्स. सांधा या क्षणी किती वाकलाय, कुठे आहे, हे न बघता कळण्याची जाणीव.

सहावं इंद्रिय, तेही फुकटात!

डोळे मिटा आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावा. जमलं ना? बोट कुठे आहे हे डोळ्यांनी सांगितलं नाही, मग कुणी सांगितलं? आपले स्नायू, स्नायूंची टोकं, सांध्यांभोवतीचं आवरण, लिगामेंट आणि कातडी यांच्यात बारीक बारीक खबरे बसलेले असतात. स्नायू किती ताणलाय, सांधा किती वाकलाय याची खबर ते मेंदूला सारखी देत असतात. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1906 मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं भारदस्त नाव दिलं. मज्जापेशींवरच्या कामासाठी त्याला 1932 चं नोबेलही मिळालं. ही जाणीव ज्या प्रथिनाच्या जोरावर चालते, ते ‘पिझो-2’ शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना 2021 च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. म्हणजे विषय जुना असला तरी अजून गरम आहे.

आणि ही जाणीव अजिबात नसेल तर? इंग्लंडमधल्या इयान वॉटरमन यांच्या बाबतीत 1971 मध्ये हेच झालं. वय 19. तापाच्या आजारानंतर मानेखालची स्पर्शाची आणि अवयव कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायू मात्र शाबूत. हात हलायचा, पण कुठे जाईल याचा भरवसा नाही. मग त्यांनी प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघत नव्यानं शिकून घेतली, अगदी चालणंसुद्धा. पण दिवे गेले की सगळंच गेलं.

आपल्याकडे या जाणिवेची उदाहरणं पावलोपावली आहेत. मल्लखांबावर उलटा लटकलेला पोरगा आपला पाय कुठे आहे हे कधी बघतो का? आमचं धर्माबाद लाल मिरचीसाठी प्रसिद्ध. हंगामात मिरचीचे देठ तोडत बसलेल्या बायका बघा. गप्पा शेजारणीशी, नजर रस्त्यावर आणि बोटं आपली चालूच. बोटांना डोळ्यांची गरजच पडत नाही.

आता कबड्डीचा विचार करा. चढाईला गेलेल्या खेळाडूसमोर सात जण असतात. त्याची नजर त्यांच्या हातांवर, खांद्यांवर, निदान रेषेवर. आपल्या गुडघ्याकडे बघायला त्याच्याकडे वेळ कुठे आहे? गुडघ्यानं आपलं आपण सांभाळायचं, हाच तर करार असतो.

दोरीही आणि वायरही

एसीएल म्हणजे अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारा, तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा एक चिवट पट्टा. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा नको तितका पिळवटू नये, हे त्याचं काम. बरीच वर्षं डॉक्टर मंडळी त्याच्याकडे एक मजबूत दोरी म्हणूनच बघत होती. मग 1984 मध्ये संशोधकांनी माणसाच्या एसीएलमध्ये ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं सापडल्याचं मांडलं. पुढच्या काही वर्षांत त्यांचे प्रकारही कळले. काही टोकं सावकाश बदलणारा ताण ओळखतात, काही झटकन झालेली हालचाल. संख्येनं फार नाहीत, लिगामेंटच्या फार तर एक-दोन टक्के. पण आहेत!

म्हणजे एसीएल फाटतं तेव्हा दोरी तुटते आणि तिच्यातली वायरसुद्धा. ऑपरेशनमध्ये सर्जन बहुतेक वेळा मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध घेऊन नवी दोरी बसवतात. दोरी पक्की बसते, गुडघा निसटायचा थांबतो. पण नव्या दोरीत सुरुवातीला ना रक्तपुरवठा असतो, ना मज्जातंतू. तिला शरीराचा भाग व्हायला वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मज्जातंतू काही प्रमाणात परत येतात असं काही अभ्यासांत दिसलंय. नक्की किती, यावर मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही.

मग सगळं संपलं का? छे! एसीएल हा एकटाच खबऱ्या नाही. सांध्याची सगळ्यात जास्त खबर स्नायूंमधून येते, आणि स्नायू शिकवले तर शिकतात. सगळी मदार याच फंड्यावर आहे.

एक गंमत मात्र लक्षात ठेवायला हवी. एसीएलचं ऑपरेशन झालेल्यांनी गुडघा हलवताना मेंदूत काय चालतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी एमआरआयनं पाहिलं. तेव्हा त्यांच्या मेंदूतले बघण्याशी संबंधित भाग निरोगी लोकांपेक्षा जास्त कामाला लागलेले दिसले. गुडघ्याकडून येणारी खबर कमी पडली की मेंदू डोळ्यांकडे उसनवारी करतो! माझा जिना आणि भावाचं तुळशी वृंदावन, दोन्हींचा उलगडा मला इथे झाला. दिवे असेपर्यंत उसनवारी खपून जाते.

40 मिलिसेकंदांचा खेळ

‘पण ताई, पाय वाकडा पडला तर मी सावरंन की,’ भाऊ म्हणाला.

इथेच सगळे फसतात. महिलांच्या हॅण्डबॉल आणि बास्केटबॉल सामन्यांत एसीएल फाटतानाच्या चित्रफिती संशोधकांनी बारकाईनं तपासल्या. 2010 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण 40 मिलिसेकंदांत लिगामेंट गेलेलं दिसलं. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात खबर मेंदूपर्यंत जाणार, मेंदू हुकूम सोडणार आणि स्नायू आवळणार, हे शक्यच नाही.

म्हणजे पाय टेकल्यावर सावरायला वेळच नसतो. गुडघा किती वाकवून, कुठल्या दिशेला ठेवून पाय टेकायचा, स्नायू आधीच किती आवळून ठेवायचे, हे पाय हवेत असतानाच ठरलेलं असावं लागतं. आणि ते ठरवायला मेंदूला आधी हे नीट कळावं लागतं की पाय आत्ता आहे कुठे. पत्ताच चुकीचा असेल तर पार्सल भलत्या घरी जाणार.

त्यात थकवा आला की ही जाणीव आणखी ढिली पडते. गुडघ्यात थोडंसं पाणी राहिलं असेल तर शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर आपोआप कमी करून टाकतं. दुसऱ्या हाफमधली शेवटची पाच मिनिटं, दमलेले पाय, आणि एक गुण हवाय. सीन तुमच्या डोळ्यांसमोर आला असेलच.

दोन अंशांनी काय होतं?

आता नाण्याची दुसरी बाजू. सांध्याची ही जाणीव मोजतात कशी? माझ्या फिजिओ मॅडमनी केली तशीच. डोळे बांधायचे, गुडघा ठरावीक कोनात न्यायचा, काही सेकंद धरायचा, परत आणायचा, मग पेशंटनं तोच कोन स्वतः गाठायचा. किती अंशांची चूक झाली, तो स्कोअर. प्रयोगशाळेत यासाठी मोठी यंत्रं असतात, क्लिनिकमध्ये साधा कोनमापकही चालतो.

जगभरातले असे अभ्यास एकत्र करून पाहिले तर एसीएल फाटलेल्या गुडघ्यांची चूक जास्त निघते. पण सरासरी फरक असतो जेमतेम एखाद-दुसऱ्या अंशाचा. एवढ्याशा फरकानं मैदानावर खरंच काही बिघडतं का, यावर संशोधकांमध्ये चक्क वाद आहे. आणखी एक घोळ म्हणजे एका गुडघ्याला इजा झाली की दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याची जाणीवही काहींच्या बाबतीत थोडी बोथट झालेली दिसते. मग तुलना कुणाशी करायची?

म्हणून शहाणे फिजिओ या एका आकड्यावर कुणाला पास-नापास करत नाहीत. ताकद, उडी, तोल, सूज आणि डोक्यातली भीती, सगळं एकत्र बघतात. भावाला मी हेही सांगितलं. चार सेकंदांत तोल जाणं हा काही निकाल नव्हता. एका पायावर उभं राहण्यात कानातला तोल सांभाळणारा भागही असतो, घोटाही असतो. पण कान तेच, अंगण तेच, तरी डाव्या पायावर 22 आणि उजव्यावर 4? एवढ्या फरकाला ‘चलता है’ म्हणता येत नाही.

बीडचा अविनाश, मोनॅकोचं पाणी

मराठवाड्यातल्या पोरांना हे दुखणं समजावून सांगायचं तर एकच नाव पुरेसं आहे. अविनाश साबळे! बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा. शेतकरी कुटुंबातला, लहानपणी सहा-सहा किलोमीटर पायपीट करून शाळेत जाणारा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनसारख्या ठिकाणी पोस्टिंग केलं आणि मग 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये भारताचा राष्ट्रीय विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं अवघ्या 0.05 सेकंदानं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंद.

स्टीपलचेस म्हणजे 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच. आजूबाजूला धावपटूंची गर्दी, समोर पाणी आणि एका पायावर उतरायचं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये अविनाश पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. एसीएल आणि मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, दोन्हींना इजा झाली. ऑपरेशन झालं आणि सप्टेंबर 2025 ची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

भाऊ गप्प होऊन ऐकत होता. ‘म्हणजे साबळेचंबी हेच?’

‘हेच. आणि तो दोन महिन्यांत परत पळाला नाही.’

ऋषभ पंतचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. 30 डिसेंबर 2022 चा अपघात, उजव्या गुडघ्याची लिगामेंट फाटलेली, मुंबईत ऑपरेशन. तो परत मैदानावर दिसला मार्च 2024 मध्ये. जवळपास पंधरा महिन्यांनी! त्याच्याकडे देशातले उत्तम सर्जन आणि फिजिओ होते, तरीसुद्धा. आणि आपण? आपण टाके निघाल्याच्या तारखेपासून दिवस मोजतो.

नऊ महिन्यांचा फंडा

घाई केली तर होतं काय, याचं उत्तर आकड्यांत आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एसीएल ऑपरेशन झालेल्या 106 खेळाडूंवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी घटलं. ज्यांनी ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पास न करताच मोठे खेळ सुरू केले, त्यांच्यातल्या 38.2 टक्के जणांच्या गुडघ्याला पुन्हा इजा झाली. पास होऊन गेलेल्यांमध्ये हे प्रमाण फक्त 5.6 टक्के!

विशी-पंचविशीतल्या मंडळींनी तर जास्तच जपायला हवं. 25 वर्षांखालचे जे खेळाडू परत मैदानावर उतरतात, त्यांच्यातल्या साधारण चौघा-पाचांमागे एकाचं लिगामेंट पुन्हा जातं, कधी त्याच पायाचं, कधी दुसऱ्या. मुलींनो, फुटबॉलसारख्या खेळांत एसीएल जाण्याचा धोका मुलांपेक्षा आपल्याला दोन ते तीन पट असतो, हेही लक्षात असू द्या.

आणि प्रत्येक फाटलेल्या एसीएलला ऑपरेशन लागतंच असंही नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या पेशंटचे दोन गट करून पाहिले. एका गटाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याला आधी फक्त व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं आणि दोन्ही गटांची तब्येत सारखीच निघाली. पण व्यायाम दोन्ही गटांना चुकला नव्हता! ऑपरेशनचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या, व्यायामाला मात्र पर्याय शोधू नका.

गोधडीवरचं फिजिओ

माझ्या आणि भावाच्या गुडघ्यात फरक एवढाच होता, की माझ्या फिजिओ मॅडम घरापासून दहा मिनिटांवर होत्या. त्याला घरी सोडताना हातात जो कागद मिळाला, त्यावर फक्त ‘व्यायाम करणे’ एवढंच लिहिलं होतं. कुठला व्यायाम, किती, कधीपर्यंत, काही नाही. फिजिओसाठी नांदेडला जायचं तर रेल्वेनं साधारण दीड तास, येण्याजाण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे गुडघ्याचा सल्लागार म्हणून उरले मित्र, मालिशवाले काका आणि मोबाइलवरचे व्हिडिओ.

मामांचा सवाल तर साधा होता. ‘एवढा खर्च केला तो खेळण्यासाठीच ना?’

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नांदेडला गेलो. तिथल्या फिजिओंनी तासभर तपासलं. उजवी मांडी डावीपेक्षा अजून बारीक, उडी मारून उतरताना गुडघा आत वळतोय, आणि कोन ओळखण्यात चुका. महिन्यातून एकदा यायचं, बाकी सगळं घरीच, असं ठरलं. यादी बघून भाऊ हसायलाच लागला. सामान काय? एक भिंत, एक गोधडी, एक रबरी चेंडू आणि एक मोबाइल.

आधी भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की गोधडीची घडी घालून तिच्यावर, कारण मऊ जमिनीवर घोट्याला आणि गुडघ्याला जास्त खबर काढावी लागते. मग डोळे मिटून अर्धवट बसायचं, ठरलेल्या कोनात थांबायचं आणि डोळे उघडून अंदाज तपासायचा. मग एका पायावर उभं राहून चेंडू झेलायचा, म्हणजे लक्ष चेंडूवर आणि गुडघा आपल्या भरवशावर. हळूहळू छोट्या उड्या, पण गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच. सगळ्यात शेवटी दुसऱ्यानं हाक मारली की त्या दिशेला वळणं. कबड्डीत वळायचं कधी हे समोरचा ठरवतो, म्हणून सराव पण तसाच.

आणि नी-कॅप? घातली की बरं वाटतं, हे खरं आहे. कातडीवर दाब आला की तिथले खबरे जागे होतात, काहींची कोन ओळखण्याची जाणीव थोडी सुधारतेही. पण नी-कॅप घातली म्हणून लिगामेंट वाचतं, हा गैरसमज.

चौकट : घरच्या घरी गुडघ्याची परीक्षा

ताजी दुखापत किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर हे करू नका. बाकीच्यांनी गंमत म्हणून जरूर करा.

1. टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसा. नडगीवर मोबाइल पट्टीनं बांधा आणि कोन दाखवणारं ॲप सुरू करा.
2. डोळे मिटा. मित्रानं पाय हळूच वर नेऊन एका कोनात पाच सेकंद धरावा आणि आकडा लिहून घ्यावा.
3. पाय खाली. आता तुम्ही स्वतः तोच कोन गाठा आणि ‘बस’ म्हणा. फरक लिहा.
4. वेगवेगळ्या कोनांत पाच वेळा करा. मग दुसरा पाय.
5. दोन-चार अंशांची चूक अगदी नॉर्मल. एका पायाची चूक सतत बरीच जास्त येत असेल तर घाबरू नका, पण फिजिओला दाखवा. हा निकाल नव्हे, फक्त इशारा.

चौकट : मैदानावर परतण्याआधी विचारा

• ऑपरेशनला निदान नऊ महिने झाले का?
• व्यायाम किंवा खेळ झाल्यावर गुडघा सुजतो का?
• मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के आहे का?
• एका पायावरची लांब उडी दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के जाते का?
• दमल्यावरही उतरताना गुडघा सरळ राहतो का?
• पाय टाकताना मनात धाकधूक होते का?

एकाही प्रश्नाचं उत्तर नको ते आलं, तर अजून थांबा.

संक्रांतीचं काय झालं?

सगळ्यात अवघड काम होतं सरांना सांगणं. ‘पाय दुखतोय’ म्हटलं असतं तर पटकन पटलं असतं. पण पाय दुखतच नव्हता! शेवटी भावानं सरांसमोरच डोळे मिटून उजव्या पायावर उभं राहून दाखवलं. सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग यादीतलं पहिलं नाव खोडलं.

संक्रांतीला तो मैदानावर होता, पण गुण लिहायच्या टेबलामागे. त्याचा संघ उपांत्य फेरीत हरला. त्या रात्री फोनवर तो माझ्याशी नीट बोललाही नाही. निवडीची एक संधी हुकली होती आणि भरतीच्या वयाची अट कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. हे सगळं मला पुण्यात बसून सांगायला सोपं होतं, हेही मला कळत होतं.

दर रविवारी मी फोन करते. मार्चमध्ये नांदेडला चाचण्या झाल्या. ताकद पास, उडी थोडक्यात नापास. आणखी सहा आठवडे. एप्रिलच्या शेवटी तीही पास. मग हळूहळू सराव, आधी नुसतं पळणं-वळणं, मग पकड, मग चढाई.

मागच्या रविवारी त्याचाच फोन आला. ‘ताई, गोधडीवर, डोळे मिटून, उजवा पाय. 31 सेकंद. तुझं किती?’

माझं 19. डेडलाइन होती हो!

तर मंडळी, येत्या शनिवारी टर्फ बुक करण्याआधी, ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात एका पायावर उभं राहून बघा. आधी डोळे उघडे, मग मिटून. कुणी हसलं तर त्यालाही उभं करा. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी नुकतंच ऑपरेशन करून ‘आता एकदम फिट’ म्हणत परतलं असेल, तर त्याला एवढंच विचारा, ‘डोळे मिटून?’